पोटाची तक्रार आणि दुर्लक्षित स्वादुपिंड

पोटाच्या तक्रारीला आपल्या समाजात आजाराची प्रतिष्ठा नाही. ताप आला तर रजेचा अर्ज निःसंकोचपणे लिहिता येतो. पोट बिघडले आहे असे लिहिताना लेखणी अडखळते. कचेरीत वर्षानुवर्षे गॅसची तक्रार करणारा सहकारी हा चेष्टेचा विषय असतो आणि घरात त्याच्या पथ्यपाण्याला वैतागलेली माणसे 'जिभेवर ताबा नाही' असा निकाल देऊन मोकळी होतात. या तक्रारींसाठी मराठी बोलीत शब्दांची मात्र वाण नाही. पित्त झाले, वात धरला, पोट डब्ब झाले, मुरडा आला, आव पडली, खाल्लेले अंगी लागत नाही, असे किती तरी प्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत. शब्द इतके मुबलक असल्यामुळेच की काय, त्यांपैकी कोणता शब्द कोणत्या अवयवाकडे बोट दाखवतो, याचा विचार करण्याची सवय आपल्याला लागली नाही. सारे पोट म्हणजे एकच पिशवी आणि तिच्यात बिघडते ती सर्व 'ॲसिडिटी', ही समजूत आता सुशिक्षितांतही दृढ झाली आहे.

या समजुतीपायी बहुतेकांचे फारसे नुकसान होत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अवेळी जेवण, जागरण, रिकाम्या पोटी चहा, तंबाखू आणि चिंता यांनी त्रस्त झालेली पोटे पथ्याने आणि चार गोळ्यांनी बहुधा पूर्ववत होतात. प्रश्न उरतो तो उरलेल्या थोड्यांचा. त्यांची तक्रार पाच-पाच, दहा-दहा वर्षे चालू राहते, डॉक्टर बदलतात, पॅथी बदलतात, गोळ्यांचे रंग बदलतात, आणि दुखणे मात्र आपल्या जागी कायम असते. यांपैकी काहींचे दुखणे जठरात नसतेच. ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडव्या पसरलेल्या एका ग्रंथीत असते. या ग्रंथीचे नाव स्वादुपिंड.

हृदय, यकृत, मूत्रपिंड यांना लोकमानसात जे स्थान आहे ते स्वादुपिंडाला कधी मिळाले नाही. त्याचा ठोका ऐकू येत नाही, ते हाताला लागत नाही, आणि शाळेच्या पुस्तकातील आकृतीत ते जठराच्या आड अर्धे झाकलेले असते. वितीपेक्षा थोडी लहान आणि जेमतेम शंभर ग्रॅम वजनाची ही ग्रंथी दिवसाकाठी सुमारे दीड लिटर पाचक रस आतड्यात सोडते. पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींचे विघटन करणारी विकरे, म्हणजे ज्यांना एन्झाइम म्हणतात ती द्रव्ये, या रसात असतात. चरबीच्या पचनात स्वादुपिंडाच्या रसाचा हात आहे हे फ्रान्सचे क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. पुढे १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स यांना याच ग्रंथीत पेशींची वेगळी बेटे दिसली आणि १९२१ मध्ये टोरांटो येथे त्या बेटांतील इन्शुलिन हाती आले. त्यानंतर स्वादुपिंड प्रसिद्ध झाले, पण ते मधुमेहाचा अवयव म्हणून. त्याचे पचनाचे काम, जे आकाराने पाहता त्या ग्रंथीचा बहुतांश भाग व्यापते, ते पुन्हा विस्मृतीतच राहिले.

या विस्मृतीला खुद्द निसर्गाचाही हातभार लागतो. १९७३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी असे दाखवून दिले, की मलावाटे चरबी वाया जाण्याचा विकार स्पष्टपणे दिसू लागतो तो स्वादुपिंडाची विकरे निर्माण करण्याची क्षमता नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्यावरच. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर दहांपैकी नऊ कारखान्यांना टाळे लागेपर्यंत बाजारात मालाची टंचाई जाणवत नाही. एवढी राखीव शक्ती हे वरदान खरे. पण त्यामुळेच इशारा देणारी घंटा फार उशिरा वाजते. तोवर काय होते? जेवणानंतर वरच्या पोटात दुखते, कळ पाठीत जाते, पुढे वाकून बसल्यावर किंचित आराम वाटतो. पोट फुगते. काही दिवस बरे जातात, पुन्हा उचल होते. जेवले की दुखते, म्हणून माणूस जेवण कमी करतो. जेवण कमी केले म्हणून वजन उतरते. आणि वजन उतरले म्हणजे 'काळजी फार करतो' असे निदान आप्तेष्टच करून टाकतात.

दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाची एक ठळक खूण म्हणजे मलाचे बदललेले स्वरूप. न पचलेली चरबी बाहेर पडू लागली, की मल फिकट, चिकट, तेलकट आणि अतिशय दुर्गंधी होतो, भांड्याला चिकटून राहतो, पाण्याने सहज वाहून जात नाही. हे वाचतानाही काहींनी नाक मुरडले असेल, आणि नेमकी हीच अडचण आहे. सभ्य माणसाने ज्याकडे पाहू नये आणि ज्याविषयी बोलू नये असे आपण मानतो, त्यातच रोगाचा पुरावा असतो. डॉक्टर 'जुलाब होतात का' एवढे विचारतात, रोगी 'तसे नाहीत' एवढे म्हणतो, आणि दोघेही सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या विषयाकडे वळतात.

त्यातही एक क्रूर विसंगती अशी, की ज्याच्या ताटात तेल-तूपच बेताचे असते त्याच्यात ही खूण ठळकपणे उमटतच नाही. चरबी खाल्लीच नाही तर ती वाया जाणार कोठून? पाश्चात्त्य ग्रंथांतून वर्णिलेले लक्षण गरीब भारतीय रोग्यात शोधायला जावे तर ते सापडत नाही, आणि ते नाही म्हणून रोगही नाही असा निष्कर्ष निघतो.

केरळचा धडा

हा रोग आपल्या देशाला नवा नाही. १९५९ मध्ये झुइडेमा या डॉक्टरांनी इंडोनेशियातील कुपोषित रोग्यांच्या स्वादुपिंडात चुन्याचे खडे आढळल्याची नोंद केली. त्याच सुमारास केरळातही तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून येत होते. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी तेथील रोग्यांचा वर्षानुवर्षे चिकाटीने अभ्यास केला, आणि या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला तो मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनातर्फे. साहित्याचे प्रकाशक म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेल्या संस्थेने वैद्यकशास्त्राच्या एका कोपऱ्यातला हा महत्त्वाचा ग्रंथ छापावा, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात नसते. या रोगाची जी वाटचाल त्यांनी पाहिली ती अंगावर काटा आणणारी होती. लहानपणी अधूनमधून पोटात दुखायचे, ते जंतांचे म्हणून सोडून दिले जायचे. वयात येताना मधुमेह दिसायचा. आणि ज्या वयात इतर तरुण संसार थाटतात त्या वयात यांपैकी अनेकांचा अंत व्हायचा. साध्या क्ष-किरण चित्रातही खडे दिसू शकतील अशी अवस्था येईपर्यंत पोटदुखीची पाच-दहा वर्षे निघून गेलेली असत.

केरळात टॅपिओकाचा कंद गरिबांच्या रोजच्या आहारात होता. त्यातील सायनाइडयुक्त द्रव्ये आणि प्रथिनांचा अभाव यांच्या संयोगाने हा रोग होत असावा, असा तर्क १९७० च्या दशकात पुढे आला आणि काही काळ तो प्रमाण मानला गेला. पुढे तो टिकला नाही. टॅपिओका ज्यांनी कधी चाखलाही नाही अशा प्रांतांतही रोगी सापडू लागले, आणि कुपोषण हे पुष्कळदा रोगाचे कारण नसून परिणाम असते हेही ध्यानात आले. २००० नंतरच्या संशोधनात 'स्पिंक-१' या जनुकातील बदल बऱ्याच भारतीय रोग्यांत आढळले. हे जनुक स्वादुपिंडाला स्वतःच्याच विकरांपासून वाचवणाऱ्या एका प्रथिनाचे आहे; ते दुबळे झाले की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये 'कुपोषणजन्य मधुमेह' असा जो वर्ग केला होता आणि ज्यात या रोगाची गणना होत होती, तो वर्ग १९९९ च्या वर्गीकरणातून वगळण्यात आला. शास्त्रात अशी उलथापालथ होणे हे शास्त्राच्या जिवंतपणाचेच लक्षण होय. सामान्य रोग्याच्या बाबतीत मात्र 'नीट खात नाहीस म्हणून असे होते' हे वाक्य शास्त्राने सोडले तरी समाजाने सोडलेले नाही.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरळातील एका घरोघर पाहणीत २८,५०७ लोकांमध्ये दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचे ३६ रोगी आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे १२६. पाश्चात्त्य देशांत आढळणाऱ्या प्रमाणाच्या मानाने हा आकडा मोठा आहे. पण त्याचे खरे महत्त्व वेगळे आहे. रुग्णालयाच्या दारात बसून रोगी मोजणे आणि लोकांच्या दारात जाऊन रोगी शोधणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे या पाहणीने दाखवले. शोधावयास गेले म्हणून ते सापडले.

दारू आणि दोषारोप

स्वादुपिंडाचा विकार म्हटला, की पहिला प्रश्न येतो तो दारूचा. तो गैर नाही. मद्यपान हे या रोगाचे एक प्रमुख कारण आहे, आणि धूम्रपानाने धोका आणखी वाढतो, याविषयी आता दुमत नाही. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील १,०८६ रोग्यांच्या अभ्यासात मद्यपान हे कारण सुमारे ३९ टक्के रोग्यांत आढळले, तर सुमारे ६० टक्के रोग्यांत कोणतेही ज्ञात कारण सांगता आले नाही. तात्पर्य, आपल्याकडे या रोगाचा बहुसंख्य बळी दारूला न शिवलेला असतो.

असे असूनही संशयाची छाया दोन्ही प्रकारच्या रोग्यांना भोवते. जो पितो तो ते लपवतो, कारण खरे सांगितले की उपचाराऐवजी उपदेश पदरी पडेल हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. जो पीत नाही त्याच्या बाबतीत डॉक्टरच्या मनात स्वादुपिंडाचा विचारच येत नाही, कारण हा 'पिणाऱ्यांचा रोग' अशी पाठ्यपुस्तकी खूणगाठ बांधलेली असते. स्त्रियांची स्थिती याहून बिकट. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला प्रथम पाळीविषयी विचारले जाते, मग घरातील कटकटींविषयी, आणि त्यानंतर बहुधा झोपेची गोळी मिळते. (मद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवण्याजोगी आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही मानवी सेवनाचे मद्य त्याच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आले, कारण या उत्पन्नावरचा हक्क सोडणे राज्यांना परवडणारे नव्हते. त्या उत्पन्नातील किती हिस्सा मद्यजन्य रोगांच्या उपचारांवर खर्च व्हावा, असा प्रश्न अर्थसंकल्पाच्या चर्चेत विचारला गेला तर तो अप्रस्तुत ठरू नये.)

दोषारोपाचे हे तंत्र वैद्यकाच्या इतिहासात पूर्वीही घडले आहे. जठराच्या व्रणाचे उदाहरण घ्या. चिंता, तिखट आणि आम्ल ही त्याची कारणे म्हणून डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी सांगितली. १९७६ मध्ये सिमेटिडीन आले, त्याचे जनक सर जेम्स ब्लॅक हे १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले, त्याच साली ओमेप्राझोल बाजारात आले, आणि आम्ल दाबणे हा जगातील एक प्रचंड उद्योग बनला. दरम्यान १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी व्रणाच्या मुळाशी एक जंतू असल्याचे शोधून काढले होते. ते मान्य होण्यास बरीच वर्षे जावी लागली. नोबेल मिळाले ते २००५ मध्ये. ज्यांना 'तुमचा स्वभावच चिंतातुर' असे सांगून परत पाठवण्यात आले होते, त्या कोट्यवधी रोग्यांची क्षमा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

आज 'स्वभाव' या शब्दाची जागा पुष्कळदा 'आय. बी. एस.' या तीन अक्षरांनी घेतली आहे. आतड्याची रचना निकोप, तपासण्या निर्दोष, तरीही दुखणे, फुगणे आणि शौचाच्या तक्रारी चालूच, अशा अवस्थेला डॉक्टर हे नाव देतात. ही अवस्था खरी आहे आणि तिने त्रस्त झालेले लोक असंख्य आहेत, याविषयी शंका नको. शंका आहे ती हे नाव कधी निदान म्हणून दिले जाते आणि कधी निदानाचा प्रयत्न थांबल्याची पावती म्हणून, याविषयी. ब्रिटनमधील शेफील्ड येथील डॉक्टरांनी, ज्यांच्यावर हा शिक्का बसला होता आणि ज्यांना वारंवार पातळ शौचास होत असे, अशा ३१४ रोग्यांच्या मलातील इलॅस्टेज या विकराचे प्रमाण तपासले. हे विकर स्वादुपिंडातून येते आणि आतड्यात नष्ट न होता बाहेर पडते, म्हणून ग्रंथीच्या कार्यक्षमतेचे ते एक माप ठरते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९ जणांत, म्हणजे सुमारे ६ टक्के रोग्यांत, ते प्रमाण फारच खाली गेलेले आढळले, आणि विकरांची पूरक औषधे दिल्यावर त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. सहा टक्के हा आकडा लहान वाटेल. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात सहा जणांना चुकीची उत्तरपत्रिका तपासून नापास केले तर त्याला लहान म्हणता येईल काय?

निदानाचे अर्थकारण

मग प्रत्येक पोटदुख्याची ही तपासणी का करू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. इथे साध्या अंकगणिताकडे वळणे इष्ट. केवळ उदाहरणादाखल असे समजा, की एखादी तपासणी दहा रोग्यांपैकी नऊ अचूक ओळखते आणि दहा निरोग्यांपैकी एकावर खोटा ठपका ठेवते. आम्लपित्ताची सर्वसाधारण तक्रार करणाऱ्या हजार लोकांत खरे रोगी दहाच असले, तर ती तपासणी नऊ जणांना बरोबर पकडेल आणि ९९ निरोगी माणसांना उगाच धास्तावून सोडेल. तीच तपासणी अशा हजार लोकांवर करा, की ज्यांचे वजन उतरले आहे, शौचाचे स्वरूप बदलले आहे, दुखणे पाठीत जाते, आणि ज्यांत खरे रोगी दोनशे आहेत. आता १८० जण बरोबर सापडतील आणि ठपका ८० जणांवरच चुकीचा बसेल. यंत्र तेच, रसायन तेच. निष्कर्षाची किंमत मात्र आधी कोणता प्रश्न विचारला यावर ठरते. इलॅस्टेजच्या तपासणीत तर मल फार पातळ असला तर आकडा खोटाच खाली येतो, ही आणखी एक मेख आहे. तेव्हा सरसकट तपासण्या हा उपाय नव्हे. तो प्रयोगशाळांच्या फायद्याचा असेल, रोग्यांच्या नाही.

उलटपक्षी, नेहमीच्या तपासण्या निर्दोष आल्या म्हणून स्वादुपिंड निर्दोष ठरत नाही, हेही तितकेच खरे. रक्तातील अमायलेज तीव्र झटक्याच्या वेळी चढते. जुनाट, थकलेल्या ग्रंथीत ते सर्वस्वी सामान्य असू शकते. सोनोग्राफीत आतड्यांतील वायू आड येतो आणि 'स्वादुपिंड नीट दिसले नाही' अशी ओळ अहवालात येते. ती ओळ रोगी वाचत नाही आणि डॉक्टर विसरून जातात. सी. टी. स्कॅन, एम. आर. आय., किंवा दुर्बिणीच्या टोकावरून केलेली सोनोग्राफी, यांतून बरेच काही दिसते. पण ही साधने मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत आणि त्यांचा खर्च काही हजारांच्या पुढेच सुरू होतो.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या एका प्रबंधात वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांहून वेगळी का, याची मीमांसा केली होती. रोग केव्हा होईल आणि उपचार कितपत लागू पडेल, या दोन्ही बाबतीत अनिश्चितता असते, आणि विकणाऱ्याला जे ज्ञान असते ते विकत घेणाऱ्याला नसते, हा त्याच्या विवेचनाचा गाभा. जुनाट पोटदुखीचा रोगी हे या सिद्धान्ताचे चालतेबोलते उदाहरण आहे. आठवड्याला चाळीस-पन्नास रुपयांच्या गोळ्या तो कुरकुर न करता घेतो, कारण ही रक्कम घरखर्चात विरून जाते. चार-पाच हजारांची तपासणी लिहून दिली, की तो 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणतो. वास्तविक आठवड्याचे पन्नास रुपये म्हणजे वर्षाचे २,६०० आणि दहा वर्षांचे २६,००० रुपये; त्यात डॉक्टरांची फी, बुडालेली रजा आणि बदललेल्या पॅथींचा खर्च धरलेला नाही. ज्या आम्लनाशक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायद्याचा दंडक आहे, त्या औषधांच्या दुकानात शेंगदाण्याच्या पुडीसारख्या मिळतात. त्यांनी जळजळ थोडी शमते, आणि थोडी शमते म्हणूनच मूळ रोगाकडे जाण्याची निकड वाटत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. पण जो रोग रुग्णालयाच्या खाटेवर न येता बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभा असतो, त्याच्यापर्यंत या घटीचा लाभ कितपत पोचला, हे या सरासरीवरून कळत नाही.

सर्वांत स्वस्त साधनाचा उल्लेख अजून राहिलाच. ते म्हणजे वजनकाटा आणि केसपेपर. सरकारी दवाखान्यात दर खेपेस नवा केसपेपर निघतो. जुना कुठे गेला हे कोणी विचारत नाही. खाजगी दवाखान्यात चिठ्ठी मिळते, ती औषध घेतल्यावर खिशात चुरगळते. परिणामी प्रत्येक डॉक्टरच्या दृष्टीने हा रोगी कालच आजारी पडलेला असतो. वर्षापूर्वी ६२ किलो भरणारा माणूस आज ५४ भरतो, ही एक ओळ जर कोणाच्या समोर लिहिलेली असती, तर 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तो थबकला असता. लग्नातला कोट सैल झाला, मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकू लागले, या गोष्टी घरातल्यांना दिसतात. त्या आकड्यांत मात्र कोठेच उतरत नाहीत. एकेकाळी पंचवार्षिक योजनांतून धान्योत्पादनाचे टनावारी हिशेब ठेवलेल्या देशाला नागरिकाचे वजन वर्षातून दोनदा लिहून ठेवणे अवघड का जावे, हे समजणे कठीण आहे.

दुसरी उपेक्षित खूण म्हणजे मधुमेह. सडपातळ, तरुण, घराण्यात मधुमेह नसलेल्या आणि जुनी पोटदुखी असलेल्या माणसाच्या रक्तात साखर आढळली, तर तो नेहमीचा मधुमेह म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी स्वादुपिंडाची चौकशी व्हायला हवी. या प्रकारात इन्शुलिनबरोबर साखर चढवणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही घटलेले असते, त्यामुळे उपचाराचा तोल थोडा चुकला तरी साखर एकाएकी धोकादायकरीत्या उतरते. पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेला मधुमेह आणि त्याच्या जोडीला उतरणारे वजन, किंवा न दुखता झालेली कावीळ, यांचा अर्थ आणखी गंभीर असू शकतो, तो म्हणजे या ग्रंथीचा कर्करोग. पन्नाशीनंतरच्या नव्या मधुमेह्यांत असे रोगी शंभरांत जेमतेम एक निघतात, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हा कर्करोग उशिरा कळला तर फारसे काही हाती राहत नाही, म्हणून त्या एकाला ओळखण्याची धडपड करणे भागच आहे.

निदान झाले तर काय साधते, हा प्रश्न व्यवहारी माणूस विचारणारच. नष्ट झालेली ग्रंथी पुन्हा उगवत नाही, हे खरे. तथापि दारू आणि धूम्रपान सोडल्याने रोगाची गती मंदावते. नलिकेतील खडे बाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी फोडता येतात, अडलेली नलिका दुर्बिणीच्या साहाय्याने वा शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी जीवनसत्त्वे भरून काढता येतात, आणि त्यांच्याअभावी ठिसूळ होत जाणारी हाडे सावरता येतात. मुख्य म्हणजे जी विकरे शरीर बनवू शकत नाही ती कॅप्सूलमधून देता येतात. त्या जेवणाआधी किंवा नंतर न घेता जेवता जेवताच घ्याव्या लागतात. अन्न आणि विकर यांची आतड्यात गाठ पडली नाही तर पैसे वाया जातात. एवढी साधी गोष्ट न सांगितल्यामुळे 'औषध लागू पडत नाही' म्हणणारे रोगी पुष्कळ असतात. ही विकरे बहुतांशी डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात, हेही रोग्याला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. शाकाहारी हिंदूचा आणि जैनाचा प्रश्न निराळा, मुसलमानाचा निराळा; पण प्राण वाचवण्यासाठी घेतलेल्या औषधाचा निर्णय त्याने माहितीनिशी घ्यावा, पाठीमागून कळून हादरू नये.

सरकारी योजनांची मांडणी मात्र या रोगाच्या स्वभावाला अनुरूप नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना काय किंवा राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना काय, दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. झटका आला, रोगी आडवा झाला, तर खर्चाला आधार मिळतो. तो उभा राहून घरी गेला, की रोजच्या तीन जेवणांबरोबरच्या आणि आयुष्यभर चालणाऱ्या कॅप्सूलांचे बिल त्याच्या पगारातून, किराण्याच्या बिलाच्या जोडीने भागवावे लागते. महिनाअखेरीस ओढाताण झाली, की तो सकाळची कॅप्सूल वगळतो, मग दुपारचीही, आणि रात्री एक घेऊन पहिल्या तारखेची वाट पाहतो.